दिवेलागणीच्या आत

कुणाच्याही घरी गेले की मी आधी खिडकी कुठे आहे ते बघते आणि मग बसायची जागा ठरवते. माझी सून त्या घरच्यांना सांगते, आईंना वारा सोसत नाही. तिला तसं वाटतं तर वाटू दे. वाऱ्याशी माझं काही भांडण नाही. भांडण आहे ते उजेडाशी, आणि तेही बाजूने येणाऱ्या उजेडाशी.

सातव्या वर्षी मला देवी आल्या. मी वाचले, पण दोन्ही गालांवर, कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर वण राहिले. वण म्हणजे कातडीतला बारीकसा खळगा. उजेड समोरून आला तर तो खळग्याच्या तळापर्यंत पोचतो आणि खळगा दिसेनासा होतो. तोच उजेड बाजूने आला की खळग्याची एक कड उजळते, दुसऱ्या कडेच्या पोटात सावली धरते, आणि मग एकेक वण मोजून घ्यावा असा उठून दिसतो. हे मला कुठल्या बाईंनी शाळेत शिकवलं नाही. आमच्या खोलीतल्या आरशाने शिकवलं. सकाळी गॅलरीत कोवळं ऊन आडवं यायचं तेव्हा माझं तोंड नुकत्याच टाकी दिलेल्या दगडी पाट्यासारखं दिसायचं. आभाळ भरलेलं असलं की तेच तोंड बरंच सपाट व्हायचं. भर दुपारी ऊन डोक्यावर आलं की वण कमी आणि डोळ्यांखालची काळी छाया जास्त. चेहरा एकच, पण दिवसभरात त्याचे चार चेहरे व्हायचे, आणि त्यातला कुठला चेहरा घेऊन बाहेर पडायचं हे माझ्या हातात नव्हतं.

मॅट्रिक झाल्यावर मी फोर्टातल्या एका कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले. तिथे मला पंख्याखालचं टेबल मिळत होतं. ते सोडून मी खिडकीकडे तोंड असलेलं, उकाड्याचं टेबल मागून घेतलं. हेडक्लार्क म्हणाले, मुलगी कष्टाळू आहे. मी टाइपरायटरवर कागद चढवला.

ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आम्ही गिरगावात राहायचो, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. गल्लीच्या तोंडाशी आज सभा, उद्या मोर्चा, परवा लाठीमार. कचेरीतून परतताना ट्रॅम मध्येच थांबली तर उतरून चालत यायचं, रस्त्यात दगड दिसले की पावलं उचलायची, हे अंगवळणी पडलं होतं. आईला मात्र त्या वर्षी एकच मोर्चा दिसत होता, तो म्हणजे माझं वय. मला पाठचं भावंड नव्हतं, पुढचं नव्हतं. तीन स्थळं येऊन गेली होती. तिन्ही वेळा माणसं चहा पिऊन, पोहे खाऊन, चांगलं बोलून गेली आणि नंतर निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका त्यांनी येण्याआधीच जुळवलेली असायची.

मग आत्याने मनावर घेतलं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, ठाकुरद्वारला राहायची. तिने मला एका फोटो स्टुडिओत नेलं. तिथल्या माणसाने माझ्याकडे नीट पाहिलं, दोन मोठे दिवे ओढले आणि माझ्या नाकासमोर उभे केले. डोळे दिपले. त्याने दिव्यांवर पातळ पांढरं कापड टाकलं. म्हणाला, "बाई, ह्याच्यात सावली राहतच नाय. मग फोटोत येनार कुठून?" वर फोटोच्या काचेवर त्याने वण भरायला पेन्सिल फिरवली ती वेगळीच. फोटो आला तेव्हा मी तो बराच वेळ हातात धरून बसले. फोटोतली मुलगी छान होती. मला तिचा रागच आला.

तो फोटो आत्याने दादरच्या एका घरी दिला. मुलगा एका विमा कचेरीत, वडील नाहीत, आई आणि तो. निरोप आला, फोटो पसंत आहे, रविवारी मुलगी बघायला येतो.

"आणि आले की?" मी विचारलं. "फोटो घरी नेलाय त्यांनी. इथे मी असेन."

"झाकली मूठ सव्वा लाखाची," आत्या म्हणाली. "तू तोंड बंद ठेव."

"आणि लग्नानंतर? त्यांच्या घरच्या खिडक्या बंद करून बसू?"

"लग्नानंतर कोण बायकोचं तोंड बघतंय!" हे आई म्हणाली, आणि बाबांनी वर्तमानपत्र आणखी वर धरलं.

मग आमच्या घरात तालमी सुरू झाल्या. आई पाहुण्यांच्या खुर्चीत बसायची आणि मला स्टुलावर बसवायची. कधी भिंतीशी, कधी पलंगाजवळ, कधी स्वयंपाकघराच्या दाराशी. "जरा डावीकडे. हनुवटी खाली. एवढी नको." एरवी सुईत दोरा ओवायला मला हाक मारणारी माझी आई माझ्या गालावरचा उजेड मात्र तोळ्यामाशाने जोखत होती. सकाळ बाद झाली, कारण आमची गॅलरी पूर्वेला, ऊन थेट आत येऊन आडवं पडायचं. दुपार बरी निघाली. दुपारी ऊन समोरच्या चाळीच्या पांढऱ्या भिंतीवर जायचं आणि तिथून परतून आमच्या दारा-खिडकीतून आत यायचं, मऊ होऊन, ताकासारखं. मी दाराकडे तोंड करून बसले की ते सगळं माझ्या चेहऱ्यावर. आई खुर्चीतून म्हणाली, "अगं, काहीच दिसत नाही!" आणि तिच्या आवाजात एवढा आनंद होता की मी उठून आत गेले.

राहिला प्रश्न विजेच्या दिव्याचा. आमच्या बाहेरच्या खोलीत एकच दिवा होता आणि तो होता बाजूच्या भिंतीवर, आरशाच्या वर. तो लावला की झालं, सकाळच्या उन्हापेक्षा वाईट. आईने वायर ओढून दिवा मधोमध टांगून पाहिला, तर वरून येणाऱ्या उजेडाने डोळ्यांच्या जागी दोन भोकं दिसायला लागली. दिव्याला पांढरा रुमाल बांधून पाहिला, तो करपला आणि घरभर वास सुटला. शेवटी ठरलं की पाहुणे दुपारी बोलवायचे आणि काहीही झालं तरी दिवेलागणीच्या आत ते जिना उतरले पाहिजेत. आईने हे इतक्या वेळा म्हटलं की मला झोपेतही ऐकू यायला लागलं. कचेरीत टाइप करताना बोटं चुकत. पाहुणे उशिरा आले तर? चहाला दूध कमी पडलं आणि वेळ गेला तर? कुणाला गाणं ऐकायची हौस असली तर?

रविवारी ते वेळेवर आले. मुलगा, त्याची आई आणि आईचा भाऊ, म्हणजे मुलाचे मामा. बाबांनी त्यांना दाराकडे पाठ असलेल्या खुर्च्यांवर बसवलं. मी पोह्यांचा ट्रे घेऊन आले, ठेवला, ठरलेल्या स्टुलावर बसले, वर पाहिलं आणि दचकले.

मला कुणीच दिसत नव्हतं. आईने तालमी केल्या त्या सगळ्या त्यांच्या खुर्चीतून. माझ्या स्टुलावरून काय दिसतं हे बघायचं तिच्या मनातही आलं नव्हतं, आणि तालमीत समोर आईच असल्यामुळे माझ्याही नाही. तिचं तोंड मला पाठ होतं. आता समोर तीन परके, त्यांच्यामागे ती लखलखीत पांढरी भिंत, आणि त्यांच्या चेहऱ्यांच्या जागी नुसता काळोख. एक रुंद आकृती, ती मामांची असणार. एक पदर घेतलेली. आणि एक सडपातळ, जिच्या कानांच्या कडांतून उजेड लालसर दिसत होता. ज्या माणसाबरोबर मला जन्म काढायचा होता त्याचे मला फक्त कान दिसत होते.

मी डोळे बारीक करून बघायचा प्रयत्न केला.

"मुलगी डोळे बारीक का करते?" रुंद आकृती म्हणाली. "दृष्टी अधू आहे का?"

"छे छे," बाबा म्हणाले. "टायपिंग करते ती. बारीक अक्षरांचं."

"म्हणूनच विचारतो."

मग मला भिंतीवरच्या कॅलेंडरावरचं वाचायला सांगितलं. मी वाचलं. स्वयंपाक येतो का, विणकाम येतं का. सडपातळ आकृतीने एकच विचारलं, "कचेरीत फार काम असतं का?" आवाज घोगरा होता, त्यालाही घाम फुटला असावा. मी म्हटलं, "असतं." मुलाची आई काहीच बोलली नाही. ती बघतेय की नाही हेही मला कळत नव्हतं. माझी आई दाराबाहेरच्या भिंतीकडे पाहत होती. ऊन भिंतीवरून वर वर सरकत चाललं होतं.

चहा झाला. मामांनी धोतराचा सोगा सावरला, बाबा उठून उभे राहिले. आईचा सुटलेला श्वास मला मागून ऐकू आला. तेवढ्यात खाली गल्लीत पळापळीचा आवाज झाला.

आधी घोषणा. मग दुकानांच्या फळ्या धडाधड लागल्या. मग एक फट्‌ असा आवाज आणि त्याच्यामागून दुसरा. तळमजल्यावरून कुणी ओरडलं, "दारं लावा रे! खिडक्या लावा! धूर सोडलाय!" बाबांनी दार लावलं, मी खिडकी ओढली. अश्रुधूर तरीही फटींतून आला. आईने पातेल्यात पाणी आणून सगळ्यांना ओले पंचे दिले. आम्ही सगळे डोळ्यांवर पंचे धरून खोकत बसलो. खोलीत आता फक्त दाराच्या फटींतून आलेल्या दोन-तीन उजेडाच्या रेघा होत्या, त्यात धूर फिरत होता. मी घाबरले होते. पण खरं सांगायचं तर त्या भीतीच्या तळाशी मला जरा बरंही वाटलं होतं. अंधार झाला होता.

थोड्या वेळाने पोलिसांची गाडी लाऊडस्पीकरवरून ओरडत गेली. करफ्यू. रस्त्यावर दिसेल त्याला धरतील, नाहीतर गोळी घालतील. पाहुणे जिना उतरणार नव्हते, दिवेलागणीच्या आत नाहीच, आणि नंतरही नाही.

फटींतल्या रेघा पिवळ्या झाल्या, मग राखी, मग गेल्या. कुणीतरी आता दिव्याचं बटण दाबणार हे मला दिसत होतं. बाबा उठले आणि आतल्या खोलीत गेले. मीटर तिथे होता. स्टूल सरकवल्याचा आवाज आला. परत येऊन त्यांनी सगळ्यांदेखत बटण दाबलं. दिवा लागला नाही.

"लाईट गेली वाटतं," बाबा म्हणाले. आयुष्यात रेशनच्या दुकानातही खोटं न बोललेला माणूस.

आता आमच्या आणि शेजारच्या खोलीमधली भिंत वरपर्यंत गेलेली नव्हती. वर हातभर जागा लाकडी जाळीची. शेजाऱ्यांनी दिवा लावला आणि त्या जाळीची भली मोठी सावली आमच्या छतावर पसरली.

मामांनी वर पाहिलं. "शेजारी आहे की लाईट."

"त्यांची लाईन वेगळी," बाबा म्हणाले.

"एका भिंतीत?"

गल्लीतून बुटांचे आवाज गेले. मी स्टुलावरच बसले होते. आई माझ्यामागे येऊन उभी राहिली होती आणि तिचा हात माझ्या खांद्यावर घट्ट बसला होता. मला वाटलं, असंच उजाडेपर्यंत बसायचं की काय? आणि उजाडल्यावर? गॅलरी पूर्वेला.

तेव्हा मुलाची आई पहिल्यांदा बोलली. "तिन्हीसांजा झाल्या. देवापुढे दिवा लावायचा नाही का?"

"लावते मी," आई म्हणाली.

"तुम्ही नको. घरच्या लेकीला लावू दे. बाहेर असलं चाललंय, आज लेकीच्या हातचाच दिवा हवा."

आईचा हात माझ्या खांद्यावरून निघेना. मी तो सोडवला. देव्हारा कोपऱ्यात होता. मी देवाकडे तोंड करून, पाहुण्यांकडे पाठ करून निरांजन लावलं. दोन काड्या फुकट गेल्या, तिसरी पेटली. हात जोडले, शुभंकरोति पुटपुटले. आता इथेच उभं राहायचं, वळायचं नाही, एवढंच डोक्यात होतं.

"ते निरांजन जरा इकडे आण बाळ," ती म्हणाली. "आम्हीपण नमस्कार करतो. मला अंधारात उठवत नाही."

यातून सुटका नव्हती. मी निरांजन उचललं. दाराच्या फटीतून वारा येत होता, म्हणून ज्योतीपुढे तळहात आडवा धरला. सगळ्या बायका धरतात तसाच. आणि धरल्यावर कळलं की ज्योत वाऱ्यापासून राखायची तर तिचा सगळा उजेड परतून आपल्याच तोंडावर येतो. आणि खालून येतो. हनुवटीखालून वर. आरशासमोर इतकी वर्षं काढून मी जे टाळलं होतं ते सगळं आता मी स्वतःच्या हाताने धरून चालले होते. चार पावलांची खोली. माझ्यामागे माझी सावली भिंतीवर चढून छताला लागली होती. मी जसजशी पुढे गेले तसतशा त्या तिघांच्या मागच्या सावल्याही फुगत गेल्या.

ती नमस्कारासाठी वाकली, वर पाहिलं आणि तशीच राहिली. मग तिने माझ्या हातातून निरांजन घेतलं आणि माझ्या गालाशी बाजूने धरलं. आधी या बाजूने, मग त्या.

"देवी आल्या होत्या?"

"हो."

"फोटोत वण नाहीत."

बाबा खाकरले. आईने "अहो, ते काय झालं" असं काहीतरी सुरू केलं. आणि माझं इतक्या दिवसांचं साठलेलं एकदम वर आलं. मला वाटलं होतं रडू येईल, पण आला तो राग.

"फोटोवाल्याने समोरून दोन दिवे लावले होते," मी म्हटलं. "तुम्हाला दाराकडे पाठ करून बसवलं ते पण त्यासाठीच. आणि लाईट गेलेली नाही. फ्यूज बाबांच्या खिशात आहे."

मग बाबा उठले. आत स्टूल सरकलं. भिंतीवरचा दिवा भसकन लागला, आणि आम्ही सगळे डोळे मिटून, उघडून एकमेकांकडे बघायला लागलो, जणू नुकतेच कुठून तरी आलो होतो. दिवा माझ्या उजव्या बाजूला होता. मी हललेही नाही.

"ही सरळ सरळ फसवणूक आहे!" मामा उभे राहिले. "चल ताई. ऊठ रे. एक क्षण थांबायचं नाही इथे." ते तावातावाने दारापर्यंत गेले, कडीला हात घातला, आणि बाहेर पुन्हा बूट वाजले. मामा परत येऊन खुर्चीत बसले. अपमान झालेल्या माणसाला जायला जागा नाही ही फार वाईट अवस्था असते. शिवाय थोड्या वेळाने त्याला भूकही लागते.

आईने डोळे पुसून पिठलं-भात टाकला. पानं वाढली. मामा भिंतीकडे तोंड करून जेवले, पण दुसऱ्यांदा भात घेतला. बाबा जेवलेच नाहीत. मी आत स्टोव्हपाशी बसून राहिले. संपलं होतं सगळं. चौथं स्थळही गेलं आणि या वेळी पत्रिकेचा बहाणाही उरला नव्हता. आत्या काय म्हणेल, चाळीत काय होईल, बाबा उद्या माझ्याशी बोलतील का, अशा विचारांनी माझं डोकं भणभणत होतं. माझ्या एका वाक्याने बाबांना परक्यांसमोर चोर ठरवलं होतं. फसवलं त्यांनी होतं खरं, पण माझ्यासाठी.

मुलाची आई पाणी प्यायला म्हणून आत आली आणि माझ्याशेजारी पाटावर बसली. मला वाटलं, आता बोलणी खायची. तिने हात पुढे केला आणि माझ्या गालावरून बोटं फिरवली. हळूहळू, तांदूळ निवडावेत तशी.

"किती वर्षांची होतीस?"

"सात."

"माझी पाच वर्षांची होती. याच्या पाठची." ती बाहेरच्या खोलीकडे बघत होती. "तिच्या फोडांवर खपली धरलीच नाही. त्याआधीच संपलं. वण पडायला जगावं लागतं, बाळ. आमच्या घरी ते झालं नाही."

स्टोव्ह सूं सूं करत होता. तिने बोटं काढली नाहीत.

"फसवलंत याचा राग आलाय मला. तो काही लगेच जायचा नाही," ती म्हणाली. "पण तू खरं बोललीस. तुझ्या बापाला किती लागलं असेल, तरी बोललीस." मग जरा थांबून म्हणाली, "मघाशी डोळे बारीक करून काय बघत होतीस?"

"तुमच्यामागे उजेड होता. मला कुणी दिसत नव्हतं."

"हा दिसला नाही?"

"नाही."

"अगं बाई. मग मघापासून बसून काय केलंस! जा, ताक वाढ आणि बघून ये नीट. मग सांग."

मी ताकाचं भांडं घेतलं आणि गेले. तो दिव्याखाली बसला होता, अर्धं तोंड उजेडात, अर्धं सावलीत. धुराने डोळे लाल झालेले. सकाळच्या दाढीतून सुटलेले चार केस हनुवटीखाली. भुवया जाड, खालचा ओठ जरा पुढे, कान मात्र मोठे. मी ताक वाढत होते आणि बघत होते. वाटी भरली, ताक पानात सांडलं. त्याने वर पाहिलं, गोंधळला, आणि पंच्याने तोंड पुसायला लागला. तोंडाला काही लागलेलं नव्हतं. आपल्याला कुणीतरी निरखतंय हे त्याच्या बाबतीत पहिल्यांदाच होत असावं. मामा मोठ्याने खाकरले. तरी मी सावकाशच परतले.

"बघितलास?"

"हो."

"आवडला का तुला?"

मी स्टोव्हला पंप मारला. तिने पुन्हा विचारलं, तितक्याच साध्या आवाजात. मी हो म्हटलं, आणि म्हटल्याबरोबर मला धडकी भरली, कारण आता मलाही काहीतरी हवं होतं आणि ते मिळेलच असं नव्हतं.

ती गुडघ्यांवर हात टेकून उठली. "मग त्याला विचारते. आणि भावाचं तोंड बंद करते," म्हणाली आणि बाहेर गेली. बाहेर हलक्या आवाजात बोलणं सुरू झालं. मामांचा आवाज दोनदा चढला आणि दोनदा पडला. मधूनच तो घोगरा आवाज आला, एकच शब्द, मला ऐकू आला नाही. तेच घर पुढे माझं सासर झालं, पण त्या घटकेला मला काही ठाऊक नव्हतं आणि मी स्टोव्हकडे बघत घाम पुसत होते.

आई आत आली. रडून तिचे डोळे सुजले होते. "काय म्हणाल्या गं? फार बोलल्या का?"

"नाही."

"मग इतका वेळ काय चाललं होतं?"

"मुलगा आवडला का, म्हणून विचारत होत्या."

"कुणाला?"

"मला."

आई हातातली पातेली घेऊन तशीच उभी राहिली. मग ती माझ्यासमोर खाली बसली, स्टोव्ह बारीक केला आणि त्याच्याकडे बघत म्हणाली, "मला नव्हतं गं कुणी विचारलं. म्हणून मलाही सुचलं नाही."

बाहेरून बाबांनी हाक मारली. आम्ही दोघी उठलो नाही.